मखमली कव्हरातलं पॅनल

ज्याला पोहता येत नाही अशा माणसाने विहिरीच्या काठावर उभं राहून चाळीस जणांना पोहण्याची प्रमाणपत्रं वाटली, तर त्याला तुम्ही काय म्हणाल?

आमच्या जिल्ह्यात त्याला मास्टर ट्रेनर म्हणतात. दीड वर्ष मी मास्टर ट्रेनर होते.

डी.एड. होऊन घरी बसले होते. भरती निघत नव्हती, आणि निघाली तरी कोर्टात अडकत होती. तेवढ्यात एका कंपनीला सरकारी शाळांमध्ये डिजिटल पॅनल लावायचा ठेका मिळाला. पॅनल म्हणजे भिंतीवर टांगायचा, बोटाने चालणारा मोठा पडदा. करारात एक ओळ होती की शिक्षकांना ते वापरायचं प्रशिक्षणही कंपनीच देईल. त्या एका ओळीची पूर्तता म्हणून आमची नेमणूक झाली.

आधी आम्हाला शिकवायचं होतं. यवतमाळला एका मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये आम्हाला तीन दिवस बसवलं. आदल्या दिवशीच्या लग्नाची सजावट तशीच होती. नवरा-नवरीच्या दोन लाल खुर्च्यांच्या मधोमध उभा राहून पुण्याहून आलेला एक तरुण आम्हाला एकविसावं शतक समजावून सांगत होता. पॅनल अजून आलेलं नव्हतं. त्याने पांढऱ्या कापडावर पॅनलचा फोटो लावला आणि त्या फोटोवर बोट ठेवून म्हणाला, "इथे टच केलं की धडा उघडतो." फोटो अर्थातच उघडला नाही. आम्ही वहीत लिहून घेतलं: इथे टच केलं की धडा उघडतो. तिसऱ्या दिवशी जेवणानंतर प्रमाणपत्रं मिळाली. पॅनलला हात न लावता आम्ही पॅनलचे तज्ज्ञ झालो.

मला तेव्हाच राग यायला हवा होता, कारण मी ज्या घरात वाढले तिथे राग यायला एवढंही लागत नसे. नेरला आमच्या घरात पुस्तकं मोजकी आणि पत्रकं ढीगभर. जयंतीची, मोर्चाची, वसतिगृह बंद करू नका म्हणणारी, स्मशानाचा रस्ता अडवणाऱ्यांचा निषेध करणारी. सगळी पातळ गुलाबी, नाही तर पिवळ्या कागदावर. बाबा एस.टी.त मेकॅनिक. ड्यूटी संपली की ग्रीसचे हात रॉकेलने धुऊन पत्रकांच्या घड्या घालायला बसायचे, आणि मी शेजारी. शाळेत जायच्या आधी मला 'जाहीर' हा शब्द वाचता येत होता. या शिक्षणाने मला एक खोड लागली. छापलेलं वाक्य मी शब्दशः घेते, आणि ते खोटं निघालं की माझं डोकं फिरतं. नोकरी करणाऱ्या बाईला ही खोड परवडत नाही. मी तीन दिवस ती घरी ठेवून आले होते, आणि पुढे बरेच महिने तशीच ठेवली.

माझ्या वाट्याला एक तालुका आला. नाव सांगत नाही. सांगितलं तर बाकीचे तालुके सुटकेचा निःश्वास टाकतील, आणि ते तेवढे निष्पाप नाहीत.

पहिलं प्रशिक्षण तालुक्याच्या गावी मोठ्या शाळेच्या हॉलमध्ये झालं. चाळीस शिक्षक. दहाची वेळ, अकराला दीपप्रज्वलन, मग स्वागतगीत, मग साहेबांचं भाषण. साहेब म्हणजे तालुक्याच्या शिक्षण कार्यालयाचे मुख्य. त्यांनी जग कुठल्या कुठे गेलं आणि आपण कुठे आहोत हे पाऊण तास सांगितलं आणि दुसऱ्या मीटिंगला निघून गेले. जाताना त्यांची नेहमीची सूचना झाली: फोटो वेळेवर पाठवा. फोटो म्हणजे असा की त्यात बॅनर, सगळ्यांचे चेहरे आणि खाली जागेचा पत्ता आणि वेळ उमटली पाहिजे. प्रशिक्षण झालं का, याला तोच पुरावा.

"मॅडम, आधी चाय का आधी डिजिटल?" मागून एका गुरुजींनी विचारलं.

"आधी फोटो," आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणारे केंद्रप्रमुख म्हणाले. हॉल हसला. केंद्रप्रमुख हसले नाहीत, ते खरंच सांगत होते.

मी स्लाइड दाखवल्या. पॅनल एकच होतं आणि ते साहेबांच्या केबिनमध्ये पॅकिंगसह ठेवलेलं होतं, म्हणून मीसुद्धा पांढऱ्या कापडावर फोटो लावला आणि त्यावर बोट ठेवलं. समोर माणसं होती. त्यातल्या निम्म्यांना या फोटोपेक्षा आपल्या फोनमधलं जास्त येत होतं. उरलेल्यांना काहीच येत नव्हतं आणि ते लपवण्यात त्यांचा सगळा दिवस जात होता. दोघांनाही मी सारखंच कंटाळवलं. एकजण शेवटच्या बाकावर शाळेच्या धान्याचा हिशोब पूर्ण करत होता. दोघी जनगणनेच्या याद्या तपासत होत्या. मला त्यांचा राग येत नव्हता. माझ्या स्लाइडपेक्षा त्यांचं काम खरं होतं.

शेवटी परीक्षा. फोनवर लिंक, वीस प्रश्न, वीस मिनिटं. लिंक टाकल्यावर तिसऱ्या मिनिटाला शिक्षकांच्या ग्रुपवर उत्तरं आली. टाकणारे गुरुजी माझ्यासमोरच पहिल्या रांगेत बसले होते, आणि त्यांनी तोंडीही सांगितलं, "सगळ्याइनं वीसपैकी वीस घेऊ नका राजेहो, संशय येते. पाच-सहा जनं अठरा घ्या. नवीन मॅडम लोकाइनं एकोणीस."

"मी सतरा घेतो," एकजण म्हणाला. "मागच्या प्रशिक्षणात मले वीस होते, साहेबानं मलेच तज्ज्ञ करून टाकलं."

इतक्या सचोटीने वाटलेली चोरी मी कुठे पाहिली नाही. कोणाच्या चेहऱ्यावर लाज नव्हती, कारण हे चूक आहे असं तिथे कोणाला वाटतच नव्हतं. परीक्षा खोटी, म्हणून उत्तरं खोटी.

त्या चाळिसांत एक बाई वेगळ्या होत्या. वय बावन्नच्या पुढे, चष्मा दोरीने गळ्यात, जवळ साधी पाठकोरी वही. तांड्यावरच्या दोन-शिक्षकी शाळेतल्या. तांडा म्हणजे बंजाऱ्यांची वस्ती, फाट्यापासून तीन किलोमीटर आत. त्यांनी स्लाइड संपल्यावर हात वर केला.

"मॅडम, मले एक सांगा. माह्या पहिलीतल्या पोराइले मराठी येत नाही, घरी गोरबोली बोलतात. पुस्तकातल्या चित्रात भाकर आहे, तिले ते बाटी म्हणतात. मी भाकर म्हटलं की गप बसतात. मले त्या पोराइचाच आवाज ह्या पॅनलमधी टाकाचा आहे. ते बाटी म्हणतील, मंग मी भाकर म्हणीन. हे कसं कराचं?"

दिवसभरात विचारलेला तो एकमेव खरा प्रश्न होता. मी काय उत्तर दिलं ते मला पाठ आहे, आणि ते लिहिताना हाताला लाज वाटते.

मी म्हटलं, "मॅडम, ते आपल्या मॉड्यूलमध्ये नाही."

त्यांनी मान डोलावली आणि वहीत काहीतरी लिहिलं. नंतर एकदा ती वही मी पाहिली. लिहिलं होतं: त्यात नाही म्हणतात.

परीक्षेत त्यांना वीसपैकी सात मिळाले. ग्रुपवरची उत्तरं त्यांनी पाहिलीच नाहीत. तालुक्याचा निकाल लागला तेव्हा यादीत एकोणचाळीस 'प्रशिक्षित' आणि एक 'अप्रशिक्षित'. साहेबांनी त्यांना बोलावून घेतलं. मीही तिथे होते.

"मॅडम, एवढ्या सगळ्यांना जमलं, तुम्हालाच कसं नाही जमलं?"

"साहेब, मले जेवढं आलं तेवढं लिवलं."

"मग विचारायचं ना बाजूच्याला."

"परीक्षा होती ना साहेब."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. एखाद्या घरात वेडसर माणूस असला की पाहुण्याकडे बघतात तसं.

पुढे दोन महिन्यांत पॅनल शाळाशाळांत लागली, आणि माझं काम झालं शाळांना भेटी देणं. इथे मला माझ्याच एका स्लाइडबद्दल सांगितलं पाहिजे. तिच्यावर सूचना होत्या. एक: पॅनल शाळेच्या पूर्ण वेळेत चालू ठेवावे. याचं कारण असं की पॅनल किती तास चालू आहे हे ते स्वतःच मोजतं आणि कंपनीला कळवतं. महिन्याअखेर शाळांची यादी निघते. जास्त तास ती हिरवी, मधली पिवळी, कमी तास ती लाल. तिच्याच खाली दुसरी सूचना: पॅनल धुळीपासून झाकून ठेवावे.

पहिल्याच शाळेत मुख्याध्यापकांनी मला मोठ्या उत्साहाने वर्गात नेलं. भिंतीवर लाल मखमलीचं कव्हर, कडेला सोनेरी किनार, मधोमध जरीच्या अक्षरांत शाळेचं नाव. गावातल्या टेलरने शेरवानीच्या उरलेल्या कापडातून शिवलेलं. कव्हराच्या शेजारी, भिंतीच्या उरलेल्या तुकड्यावर, काळ्या फळ्यावर चौथीची पोरं भागाकार करत होती. मी कव्हराचं टोक उचललं. हाताला गरम वाफ लागली. आत पॅनल चालू होतं. कंपनीचं चिन्ह अंधारात गोल गोल फिरत होतं.

"सर, हे चालू आहे."

"मंग?" ते म्हणाले. "रोज साडेदहाले चालू, पाचले बंद. एक दिवस खंड नाही. लाइन गेली तर रजिस्टरमधी टायमासकट लिहून ठेवतो."

"आणि कव्हर कधी काढता?"

"काढाचं कायले? झाकून ठेवा म्हनून तुमच्याच स्लाइडमधी होतं ना?"

होतं. दोन्ही सूचना माझ्याच, एकाखाली एक. त्यांनी दोन्ही पाळल्या होत्या. भट्टीत घातल्यासारखं ते पॅनल कव्हराच्या आत दिवसभर उकडत होतं, आणि शाळा यादीत गर्द हिरवी होती.

मला वाटलं हा एकाच शाळेचा प्रकार असेल. पण कव्हराची कीर्ती तालुक्यात पसरली होती. पुढच्या शाळेत निळं साटीन होतं. त्याच्या पुढच्या शाळेत गोंडे लावलेलं. एका शाळेत कव्हराला हारही होता, कारण आदल्या दिवशी पाहुणे आले होते आणि एक हार उरला होता. शिक्षक एकमेकांना टेलरचा नंबर देत होते. सगळीकडे आत पॅनल चालू. यातल्या कित्येक शिक्षकांना ते वापरता आलं असतं. पण कोणी वापरून बघितलं नाही, कारण वापरताना काही बिघडलं तर चौकशी, आणि झाकून चालू ठेवलं तर शाबासकी. इतकं साधं गणित कुठल्याही गुरुजींना येतं.

भेटीच्या अहवालात 'पॅनल चालू स्थितीत आहे का?' असा रकाना होता. मी प्रत्येक ठिकाणी 'होय' लिहिलं. कव्हराचा रकाना नव्हता. हे मी आज थट्टेने सांगते आहे, पण तेव्हा थट्टा सुचली नाही. 'होय' लिहायचे आणि पुढची बस पकडायचे.

एका रविवारी नेरला जाऊन मी बाबांना सगळं सांगितलं. त्यांना हसू येईल असं वाटलं होतं. ते म्हणाले, "आम्ही पत्रकं वाटाचो तं एक पोरगा होता. सांगे, आज पाचशे वाटले. म्या एकदा त्याच्या मागं जाऊन पाह्यलं. बसच्या सीटवर गठ्ठाच ठेवून उतरला होता. वाटलेले मोजू नये बाई. बसस्टँडवर एखादा मानूस थांबून वाचते का, ते पाहावं."

"मी काय करू मग?"

"मले काय विचारतं? तुह्या चाळीस लोकाइत कोनी थांबलं होतं का?"

थांबलं होतं. पुढच्या शनिवारी मी तांड्यावर गेले.

शनिवारी सकाळची शाळा. फाट्यावर उतरून सोयाबीनच्या धुऱ्याने, म्हणजे बांधावरून, चालत. कंपनीला सांगितलं नव्हतं. कार्यक्रमात नसलेल्या भेटीला कंपनीत परवानगी नव्हती. मॅडम पहिलीच्या वर्गात होत्या. त्यांच्या पॅनलवर धुळीसाठी जुन्या लुगड्याची चौघडी टाकलेली, आणि वापरताना ती काढून ठेवायची.

"आल्या का?" त्या म्हणाल्या. "मले वाटलं तुमच्या मॉड्यूलमधी तांडा नसन."

टोमणा बरोबर बसला. मी म्हटलं, "मॅडम, खरं सांगते, मला हे येत नाही. मी फक्त फोटो पाहिलाय."

त्या हसल्या. "मंग बरं झालं. दोघीइले येत नाही. आता शिकता येते."

त्या दिवशी आम्ही दोघींनी पहिल्यांदा ते पॅनल खरंच चालवलं. कंपनीचे तयार धडे उघडायचे, पण त्यात आपलं काही घालायला गेलं की पासवर्ड मागायचे. तासभर झगडून कळलं की पॅनलच्या बाजूला पेनड्राइव्ह लागतो आणि त्यातली फाइल पासवर्ड न मागता चालते. मग रस्ता सापडला. मॅडमनी पोरांचे आणि त्यांच्या आज्यांचे आवाज फोनमध्ये भरले, तांड्यातल्या बायांच्या चुलींचे, भांड्यांचे, बकऱ्यांचे फोटो काढले, मी माझ्या लॅपटॉपवर चित्राला आवाज जोडून दिला. तिसऱ्या शनिवारपासून ते मॅडम स्वतः करायला लागल्या, माझ्यापेक्षा नीट. प्रशिक्षण म्हणजे हे असतं. दीड वर्षात मी ते एकाच बाईला दिलं, आणि खरं तर तिनेच मला दिलं.

पहिलीत एक मुलगी होती. जूनपासून ती शाळेत एक शब्द बोलली नव्हती. हजेरीला नुसती उभी राहायची. पॅनलवर त्यांच्याच तांड्यातल्या चुलीचं चित्र आलं, त्यावर भाजत असलेली भाकरी. मॅडमनी तिच्या भाषेत हे काय आहे असं विचारलं, "ई कांई छ?" आणि तिला बोट लावायला सांगितलं. तिने बोट लावलं. आतून तिच्याच आजीचा आवाज आला, "बाटी." मुलीने तोंडावर हात ठेवला. मग परत बोट लावलं. मग परत. मॅडम मोजत होत्या, अकरा वेळा. बाराव्या वेळी आजीच्या आधी तीच म्हणाली, "बाटी." मॅडम हळूच म्हणाल्या, "भाकर." मुलगी त्यांच्याकडे बघून म्हणाली, "भाकर." एवढंच झालं. मॅडमनी पॅनल बंद केलं, त्यावर लुगड्याची चौघडी टाकली आणि म्हणाल्या, "आता पाटीवर काढा."

वीस मिनिटं. रोज वीस, फार तर पंचवीस मिनिटं त्या ते वापरायच्या. बाकीचा वेळ पाटी, मणी, चिंचोके, गोष्टी. पॅनल कधी लावायचं हे त्यांना कळलं होतं. त्याहून अवघड गोष्ट, कधी बंद करायचं, तीही कळली होती. बारा शनिवार मी हे पाहिलं. दिवाळीपर्यंत ती मुलगी इतकी बोलायला लागली की मॅडम तिला गप करायच्या.

दिवाळीनंतर यादी आली. तालुका हिरवागार आणि मधोमध एक लाल ठिपका: तांडा. खाली शेरा: 'वापर अत्यल्प. संच अन्यत्र हलविण्यात यावा.'

मी कंपनीच्या जिल्हा कोऑर्डिनेटरला फोन केला. म्हटलं, तालुक्यात खरा वापर एकाच शाळेत होतो आणि ती लाल आहे. तो म्हणाला, "मॅडम, सिस्टीमला भावना कळत नाहीत."

"भावना नाही सांगत. बाकीच्यांचं कव्हराच्या आत चालू आहे."

"चालू आहे ना?"

मग मी ती गोष्ट केली जी मी करायला नको होती. तांड्यावर जाऊन मॅडमना म्हटलं, "मॅडम, दिवसभर चालू ठेवा. कव्हर शिवून घ्या. हिरवी होईल."

त्यांनी चष्मा काढला. "रिकामं चालू ठेवू? आनं पोरं विचारतील काहून चालू आहे, तं काय सांगू? मॅडम साहेबाले फसवून राह्यली? दुसरीतलं पोर घरी जाऊन सांगते बाई, सगळं सांगते."

"पण पॅनल जाईल."

"जाईन. पोराइसमोर खोटं नाही करत मी. तुम्ही सांगता म्हनून तर नाहीच."

दोघी साहेबांकडे गेलो. मॅडमनी कापडी पिशवीत पोरांच्या पाट्या, वह्या, पेनड्राइव्ह, सगळं आणलं होतं. साहेबांनी पेनड्राइव्हला हात लावला नाही. ते वाईट माणूस नव्हते. कागदाशिवाय काही दिसेनासं झालेला माणूस होते.

"तुम्ही म्हणता वापरता. कोणी पाहिलंय? शेरेबुकात नोंद आहे का?"

शेरेबुक म्हणजे शाळेला भेट देणाऱ्याने आपला अभिप्राय लिहायची वही. प्रत्येक शाळेत असते. मॅडमनी तीही आणली होती. साहेबांनी पानं चाळली. सरपंच, केंद्रप्रमुख, आरोग्य खात्याचे, आहार तपासणारे, कोणी पुढारी. सगळ्यांचं अक्षर वेगळं आणि मजकूर एकच: शाळेस भेट दिली. परिसर स्वच्छ. विद्यार्थी टापटीप. खिचडी चांगली होती. समाधान वाटले. वर्षभरात एवढी माणसं आली, एकही वर्गात दहा मिनिटं बसलं नव्हतं. बसलं असतं तर एक ओळ तरी लिहिली असती.

"साहेब, मी पाहिलंय," मी म्हटलं. "बारा शनिवार."

"मग तुमची नोंद कुठे आहे?"

नव्हती. एकही नव्हती. कंपनीला कळेल म्हणून मी त्या वहीत एकदाही सही केली नव्हती. बारा वेळा मॅडमनी वही पुढे केली होती आणि बारा वेळा मी म्हटलं होतं, "पुढच्या वेळी."

"आत्ता लिहून देते."

"आत्ता लिहिलं तर आजचीच तारीख पडेल ना?" साहेब म्हणाले. दीड वर्षात त्यांचं हे एकच वाक्य मला बरोबर वाटलं. मागची तारीख टाकते म्हटलं असतं तर कदाचित चाललं असतं. त्या ऑफिसात त्या कलेची माणसं कमी नव्हती. पण मॅडमनी वही मिटली आणि पिशवीत ठेवली.

पुढच्या आठवड्यात छोटा टेम्पो आला. दोन माणसांनी अर्ध्या तासात पॅनल उतरवलं. पहिलीची पोरं बाहेर ओट्यावर उभी राहून बघत होती. ती मुलगी गोरबोलीत आणि मराठीत, दोन्ही भाषांत विचारत होती की कुठे नेता, आणि त्या माणसांना दोन्हीत सांगता येत नव्हतं. ते तालुक्याच्या मोठ्या शाळेत गेलं, जिथे आधीचीच दोन होती. तिथल्या सभागृहात ते लागलं आणि चारच दिवसांत त्याला जांभळं कव्हर आलं. तालुका पूर्ण हिरवा झाला. साहेबांचा जिल्ह्याच्या ठिकाणी सत्कार झाला, आणि त्यांच्या हातून मलाही 'उत्कृष्ट प्रशिक्षक' म्हणून कागद मिळाला. त्यावर माझं नाव चुकलं नव्हतं, बाकी सगळं चुकलं होतं. मी दुसऱ्या दिवशी एका ओळीचा राजीनामा दिला.

मॅडम अजून तांड्यावर आहेत. सरकारी यादीत अजून 'अप्रशिक्षित'. पोरांचे पाच गट करून स्वतःच्या फोनवर तेच धडे दाखवतात. फोन लहान, म्हणून पाचव्या गटाला तास संपता संपता पाळी येते.

मी कोणाच्या निलंबनाची, बदलीची किंवा चौकशीची मागणी करत नाही. ते पॅनल वाचवायला एक सही पुरली असती, आणि ती करू शकणारी माझ्यासारखी बाई भीत होती. तुम्हाला तर भ्यायला कोणती कंपनीही नाही. म्हणून एवढंच मागते. या महिन्यात एक दिवस तुमच्या गावच्या किंवा वस्तीच्या सरकारी शाळेत जा. हार घेऊ नका, चहा घेऊ नका. बाईंना किंवा गुरुजींना विचारून एक पूर्ण तास मागच्या ओळीत बसा. निघताना शेरेबुक मागून घ्या. 'समाधान वाटले' असं लिहू नका. कोणत्या वर्गात बसलात, शिकवायला काय वापरलं, किती वेळ, आणि कोणतं पोर काय बोललं, ते लिहा. खाली तुमचं नाव, त्याच दिवशीची तारीख आणि सही.